ओसरीवरचा पाव्हणा

सासऱ्याचा सूड घ्यायला मला एखादं भूत हवं होतं. ते माझ्या लेकीने फोनमध्ये घालून आणून दिलं.

लेक नागपूरला शिकते. दिवाळीला घरी आली तेव्हा तिने आजोबांची अवस्था पाहिली. काचबिंदूने त्यांची नजर गेलेली. टीव्ही लावला तर कोण कोणाशी बोलतंय ते कळायचं नाही, मग तेच टीव्हीवर ओरडायचे. पेपर वाचून दाखवायला घरात कोणाला वेळ नव्हता. कोणाला म्हणजे मला, कारण दिवसभर घरात तिसरं माणूस नसतं. सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली. नवरा सकाळी धानाच्या गिरणीवर जातो तो दिवेलागणीला येतो. राहिलो खाटेवरचा म्हातारा आणि चुलीपुढची मी.

मग लेकीने माझ्या फोनमध्ये पुस्तकं वाचून दाखवणारं ॲप टाकलं, मुठीत मावेल असा स्पीकर दिला आणि कुठे दाबलं की पुस्तक सुरू होतं ते शिकवलं. "आजोबांना लावून देत जा. आणि तूही ऐक गं," म्हणाली. तिला वाटलं, म्हाताऱ्याची करमणूक होईल आणि आईच्या डोक्याचा ताप कमी होईल. मनाने साधी आहे पोर. तिने आजोबा म्हातारे झाल्यावरच पाहिलेत.

पहिलं पुस्तक मी एकटीने ऐकलं. मामाजी, म्हणजे माझे सासरे, दुपारचे घोरत होते, मी माजघरात तांदूळ निवडत बसले होते. इंग्लंडातल्या राणीच्या काळातली जुनी गोष्ट, नाताळातली, मराठीत केलेली. वाचणारा गडी पुण्याकडचा असावा. इतका शुद्ध बोलायचा की त्याच्या तोंडातून भूतसुद्धा धुऊन, इस्त्री करून बाहेर यायचं. गोष्ट एका खडूस म्हाताऱ्याची होती. मोठं घर, भरलेलं कोठार, पण नाताळच्या दिवशी दाराला आतून कडी. कोणी आलं, तर नोकराकडून निरोप, मालक घरी नाहीत. मग एका नाताळला भूत येतं, म्हाताऱ्याला मानगुटीला धरून बाहेर काढतं आणि ज्यांना ज्यांना त्याने दारातून परत पाठवलं त्या प्रत्येकाच्या खिडकीबाहेर बर्फात बसवतं. आत लोक जेवताहेत, हसताहेत, वाफा निघताहेत, आणि हा बाहेर, पोटात आग. खायचं नाही, बोलायचं नाही, नुसता वास घ्यायचा.

माझे हात सुपातच थांबले. गोष्ट लिहिणारा कधीच मातीला मिळाला असेल, पण त्या घटकेला मला वाटलं, या बाबाला माझं घर माहीत होतं.

शेवट मात्र ऐकून मी फोन उपडा ठेवला. सकाळ होते, म्हातारा जागा होतो, दार उघडतो, चार टोपल्या खाऊ वाटतो, आणि सगळे त्याला मिठ्या मारतात. संपलं. जन्मभराचा माणूसघाणेपणा आणि माफी पाव तासात! त्याने ज्यांना उपाशी धाडलं त्यांतला एकही म्हणत नाही, की थांब रे बाबा, आधी माझं ऐक. मला त्या सगळ्यांचा राग आला. मी असते तर ती टोपली त्याच्या अंगणात उपडी केली असती.

आता माझं ऐका.

पुण्या-मुंबईच्या माणसाला मंडई म्हटलं की भाजी आठवते. आमच्याकडे मंडई म्हणजे सण. दिवाळी झाली, धान कापणीला आलं, की झाडीपट्टीतल्या एकेका गावाची मंडई लागते. दिवसा बाजार भरतो, रात्री नाटक असतं, आणि ज्याच्या गावची मंडई त्याच्या घरी सगळे सोयरे जेवायला. बोलावणं लागत नाही. लेकीचा बाप, सुनेचा भाऊ, भावाच्या सासरचे, जो दारात आला तो पाव्हणा. गरिबाच्या घरीही त्या दिवशी मटणाचा रस्सा असतो आणि परतीच्या माणसाच्या हातात वडे बांधून दिलेले असतात. मंडईच्या दिवशी कोणी उपाशी परतलं, हे बोलणंसुद्धा लोकांना खोटं वाटतं.

माझं माहेर वैनगंगेच्या पलीकडे, गोंडपिपरीच्या बाजूला. सासर अलीकडे, चामोर्शीच्या अंगाला. जात एकच, दोन्ही घरं जाळ्यावर जगलेली. फरक इतकाच की माझा बाप शेवटपर्यंत तलावात जाळं टाकत राहिला आणि मामाजींनी जाळं सोडून गिरणी टाकली. गिरणीमुळे त्यांच्या ओसरीला व्यापाऱ्यांचे पाय लागले, आणि मग जाळ्याचा वास त्यांना सोसेना.

लग्नानंतरची माझी ती पहिलीच मंडई. बाप डोंग्याने नदी उतरून आला. खांद्यावर धुतलेलं उपरणं, डोक्यावर ओल्या पानांनी झाकलेली झिंग्यांची टोपली. ताजे झिंगे, पहाटेच काढलेले, लेकीला आवडतात म्हणून. टोपलीतून पाणी ठिबकत होतं आणि शर्टाच्या पाठीवर ओघळ आले होते. अंगणात व्यापाऱ्यांची पंगत बसलेली. मामाजींनी बापाकडे पाहिलं, टोपली आत पाठवली आणि म्हणाले, "बसा ओसरीवर. ही पंगत उठली का बसवतो तुमाले."

ती पंगत उठली, दुसरी बसली. दुसरी उठली, तिसरी बसली. मी आत वाढपाच्या घाईत होते. नव्या सुनेने सासऱ्यापुढे तोंड उघडायचं नसतं. मी नवऱ्याला खुणावलं, त्याने मान खाली घातली. ऊन कललं तेव्हा पाण्याचा तांब्या घेऊन मी ओसरीवर गेले. बाप खांबाला टेकून बसला होता. शर्ट अंगावरच वाळला होता. मी काही बोलायच्या आधी तोच हसला. "जेवून आलो वं बाई मी," म्हणाला. "पोट भरलं हाये." पाणी प्यायला, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि निघाला. शेवटचा डोंगा गाठायचा होता.

ओसरीवर आम्ही दोघंच होतो. बाप खोटं बोलला हे मला कळलं, आणि मला कळलं हे त्याला कळलं.

त्याने आणलेले झिंगे त्या दिवशी घरात शिजले. मामाजींनी दोनदा घेतले. मी पुढे कधीही या घरात झिंगे तोंडात घातले नाहीत. बाप पुन्हा या उंबऱ्यावर आला नाही. नातीच्या बारशालासुद्धा "बरं नाई" म्हणून सांगून पाठवलं. तो गेला तेव्हा मामाजी मयतीला आले, व्यापाऱ्याच्या गाडीतून, आणि "सज्जन माणूस होता" असं चार लोकांत बोलले. मला तेव्हाच त्यांच्या तोंडावर राख फेकायची होती.

मला फार काही नको होतं. त्या तोंडातून एकच वाक्य हवं होतं: मी तुझ्या बापाला उपाशी धाडलं. तेवढं ऐकल्याशिवाय या म्हाताऱ्याला मरू द्यायचं नाही असं मी ठरवलं होतं, म्हणून त्यांच्या गोळ्यांची वेळ मी कधी चुकवली नाही.

बाकी माझे बारीकसारीक हिशेब चालूच होते. डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं, ते मी फार मनावर घेतलं. इतकं, की मामाजींच्या वरणाला मिठाचं दर्शनच घडेना. रोज ताटावर बसले की ओरडायचे, "मीठ काऊन नाई वं यात? मीठ आन!" मी म्हणायची, "डॉक्टरनं नाई म्हटलं, मामाजी." रोज. या एका वाक्यासाठी मी त्या डॉक्टरांची जन्माची उपकृत आहे.

तर मी त्यांना गोष्ट लावली. खाटेच्या उशाशी स्पीकर ठेवला, आवाज मोठा केला आणि समोर कोहळा किसत बसले. मला त्यांचा चेहरा पाहायचा होता.

सुरुवातीलाच अडलं. "नाताळ म्हंजे कोनतं सन वं?"

"त्यायची मंडई," मी म्हणाले.

तेवढ्याने सगळी गोष्ट त्यांना लख्ख कळली. म्हातारा दाराला कडी घालून बसला म्हटल्यावर मामाजी खाटेवर उठून बसले. "मंडईच्या दिवशी? कडी?" निरोप सांगणाऱ्या नोकराला त्यांनी दोन शिव्या घातल्या. भुताने मानगूट धरली तेव्हा मांडीवर थाप मारून हसले. खिडकीबाहेर बसवलं तेव्हा म्हणाले, "बस आता! घे वास!" मी किसणी बाजूला ठेवली. इतका आनंद त्यांना नातीच्या निकालालाही झाला नव्हता. गोष्ट संपली तर म्हणतात कसे, "हा तं पुरा माया मोठा भाऊ हाये. असाच होता भिकारचोट."

मी जळून खाक झाले. भूत आणलं कोणासाठी आणि ते गेलं कोणाच्या घरी!

दुसऱ्या दिवशी त्यांनी आपण होऊन मागितली. "तो म्हातारा लाव नं वं." तिसऱ्या दिवशीही. त्यांना दुसरं पुस्तक चालेना. संतांचं लावलं, "बंद कर" म्हणाले. शिवाजी महाराजांचं लावलं, झोपले. तो म्हाताराच पाहिजे. माझ्या सुडाचं हत्यार त्यांचं खेळणं होऊन बसलं. पुण्याचा तो गडी खिडकीपाशी आला की मामाजी त्याच्याआधी बोलायचे, "आता पाय त्याची मजा."

एक दिवस त्यांनी स्वतःच बोलून टाकलं. दारातून एका बाईला परत पाठवतात तो भाग चालू होता. मामाजी मान हलवून म्हणाले, "पाप हाये हे. मंडईचा पाव्हना उपाशी धाडते का कोनी?"

मी फोन बंद केला.

"तुमी धाडला," मी म्हणाले. "माया बापाले. ओसरीवर बसवून ठेवलं, अन् जेवाले बोलावलंच नाई."

नजर गेलेल्या त्या डोळ्यांतून काही कळायला मार्ग नाही, ही त्या आजाराने त्यांच्यावर केलेली मेहेरबानी. मग म्हणाले, "मले नाई आठवत."

"झिंगे आनले होते त्यानं."

"नाई आठवत, म्हनलं नं. गोष्ट लाव."

मी लावली नाही. मागीलदारी जाऊन भांडी आपटत राहिले. याचा मी विचारच केला नव्हता. नाकारतील, ओरडतील, उलट माझ्या बापालाच दोन शब्द बोलतील, सगळ्याला माझी उत्तरं तयार होती. इतक्या वर्षांत घासून घासून धार लावलेली. आणि म्हातारा विसरून गेला! माझा बाप त्यांच्या लक्षात राहण्याइतकाही मोठा नव्हता. त्या दिवशी मला पहिल्यांदा त्यांच्या गोळ्या विसराव्याशा वाटल्या. विसरले नाही. विसरणं त्यांना सोपं गेलं होतं, मला ते करायचं नव्हतं.

आमच्या गावची मंडई जवळ आली होती. गोष्टीतल्या भुताने जे केलं तेच करायचं असं मी ठरवलं. त्यासाठी मरायची गरज नव्हती.

मंडईच्या दिवशी सकाळीच मी मामाजींना आंघोळ घातली, धुतलेलं धोतर नेसवलं आणि धरून ओसरीवर नेलं. "इथी बसा, हवा हाये," म्हणाले. त्याच खांबाला टेकवून बसवलं. शेजारी स्पीकर ठेवला आणि गोष्ट लावली. त्यांनी जेवायचं विचारलं तेव्हा मी म्हणाले, "बसा. ही पंगत उठली का बसवतो तुमाले." शब्द मी मुद्दाम तेच वापरले. ते ओळखल्याचं त्यांनी दाखवलं नाही.

अंगणात पंगती सुरू झाल्या. पळसाच्या पत्रावळी, रश्श्याचा वास, वडे तळल्याचा वास, पोरांचा कलकलाट. नवरा वाढायच्या धावपळीत, त्याला वाटलं बायकोने बापाला केव्हाच जेवू घातलं असणार. घरात तेवढा माझा लौकिक आहे. मी येता-जाता ओसरीकडे पाहायची. मामाजी नाक वर करून बसलेले. स्पीकरमधला म्हातारा बर्फात कुडकुडत होता आणि आमचा सावलीत. पहिली पंगत उठली. मी दुसरी बसवली.

खरं सांगते, मला बरं वाटत होतं. पापाची भीती नाही, काळजात कालवाकालव नाही. माझ्या हाताला त्या दिवशी चव होती असं सगळेच म्हणाले.

मी वाट पाहत होते त्यांच्या ओरडण्याची. रोज मिठासाठी घर डोक्यावर घेणारा माणूस, भुकेने किती वेळ गप्प बसेल? ते ओरडले असते की मी सगळ्या सोयऱ्यांसमोर बाहेर येणार होते आणि सांगणार होते, कोण कधी याच खांबाला टेकून बसलं होतं. भाषण पाठ होतं माझं. पण ते ओरडेनात. गोष्ट संपली, स्पीकर मुका झाला. त्यांनी पुन्हा लाव म्हणून हाक मारली नाही. तिसरी पंगत बसली, ऊन अंगणाच्या कडेला गेलं, तरी ते तसेच.

तेवढ्यात आत्यासासू ओसरीवर गेल्या. मामाजींची धाकटी बहीण, तोंडाने फटकळ. त्यांनी एखाद्या घरात सुनेची चूक पकडली की तालुकाभर खबर होते. मी दारातच थबकले. माझ्या हातात वाढायचं पातेलं होतं.

"दादा, तू इथी काऊन बसला रे? जेवला का नाई?"

आता ओरडतील. मी पातेलं खाली ठेवलं. भाषण ओठावर आलं.

मामाजींनी चेहरा बहिणीकडे वळवला आणि हसले. "जेवून आलो वं बाई मी," म्हणाले. "पोट भरलं हाये."

आत्यासासूंनी "बरं" म्हटलं आणि त्या पानदान शोधायला आत गेल्या. "जेवून आलो" म्हणजे कुठून आले, घरातल्या घरात, हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

मी उंबऱ्यावर तशीच उभी राहिले. ते शब्द माझे होते. बापाने मला एकटीला दिलेले, ओसरीवर दुसरं कोणी नसताना. मी ते नवऱ्याला सांगितले नव्हते, लेकीला नाही, आईलाही नाही. त्या दिवशी ते ऐकायला माणूस एकाच ठिकाणी उभं असू शकत होतं. आता मी उभी होते तिथेच.

मी आत जाऊन ताट केलं. रस्सा नाही. रोजचं वेगळं काढलेलं बिनमिठाचं वरण आणि भात. नेऊन त्यांच्या पुढ्यात ठेवलं, हात धरून ताटाला लावला.

"तुमी आयकलं होतं," मी म्हणाले.

त्यांनी भात चाचपला, वरणात कालवला. बराच वेळ कालवत राहिले.

"दाराच्या मांगंच होतो," ते म्हणाले. "बोलावतो बोलावतो म्हनलं. तोवर गेला."

हेच वाक्य मला हवं होतं, कमी-जास्त याच मापाचं. इतकी वर्षं मला वाटायचं, ते ऐकलं की छातीवरचा धोंडा उतरेल. मला उलट नवाच राग आला. त्यांना भुकेचं माहीत होतं, खोटं बोलल्याचं माहीत होतं, आणि तरी ते आत वळले होते आणि झिंगे दोनदा वाढून घेतले होते. गोष्टीतल्यासारखं मी त्यांना मिठी मारावी असं कोणाला वाटत असेल, तर त्याने पुण्याच्या त्या गड्याचं पुस्तक पुन्हा ऐकावं.

त्यांनी पहिला घास घेतला. सावकाश चावला. दुसरा घेतला.

मिठाचा डबा येताना मी हातात घेऊनच आले होते. का आणला, मला माहीत नाही. मी तो धरून खांबापाशी उभी राहिले, ताट रिकामं होईपर्यंत. त्यांनी मीठ मागितलं नाही, आणि मी दिलं नाही.